रस्त्याचा पडदा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला ना गाव विचारलं, ना भाडं सांगितलं. निळीत भिजवलेल्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा बाई. घट्ट धरा, हलू नका." दुसरं टोक त्यांनी पलीकडे खुंटीला बांधलं, अंगणभर अंथरलेल्या कापडावरून अनवाणी चालत मधोमध आले, दोरी चिमटीत उचलली आणि सोडली. पांढऱ्या कापडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ निळी रेघ उठली, आणि माझ्या नव्या साडीवर निळीचे शिंतोडे. मी भडकलेच. म्हटलं, "अहो, मी माणूस आहे की खुंटी? आधी सांगायचं तरी." त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत बायकोला हाक मारली, "अवो, खोली झाडून ठेव. यांले भांडता येते."

अशी मी वडशात त्यांची भाडेकरू झाले. मी चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरची, वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेली, भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर जेवणारी. वडशाच्या शाळेत नोकरी लागली म्हणून आले होते. घरमालक नाटकांचे पडदे रंगवायचे. आमच्याकडे धान कापून झालं की नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. गावात शंकरपट भरला, बैलजोड्या धावल्या, की त्याच मैदानात मांडव पडतो आणि नाटक होतं. नाटक मंडळ्यांचं सगळं बस्तान वडशात, आणि प्रत्येक मंडळीला पडदे लागतात. राजवाडा, जंगल, रस्ता, जेल. एवढ्या चार ठिकाणी आमच्या झाडीपट्टीतली सगळी सुखदुःखं घडतात.

सगळं गाव त्यांना पेंटर म्हणायचं, मी भाऊ म्हणायची. उंच, वाळलेले, पायांना कायम रंग. पडदा जमिनीवर अंथरायचे, बांबूच्या टोकाला कुंचला बांधायचे आणि कापडावर फिरत उभ्याउभ्या रंगवायचे. रंग कापडाला धरावा म्हणून त्यात घालायचा सरस चुलीवर शिजत असायचा. त्या वासाने मला पहिले आठ दिवस जेवण गेलं नाही. वहिनी म्हणायच्या, "मले लग्न होऊन इतकी वर्सं झाली, मले कुठी जेवण जाते अजून." पण हसत म्हणायच्या आणि माझ्या ताटात आणखी भात वाढायच्या.

भाऊंचा खरा नाद होता वादाचा. त्यांच्या अंगणात चहा फुकट मिळत नसे. कप हातात आला की एक बाजू घ्यावी लागायची. विषय काहीही. पोळा मोठा की दिवाळी, नाटकात गाणी असावीत की नसावीत, नदीतला मासा चांगला की तलावातला. तुम्ही तावातावाने बोलायचं, ते त्याहून तावाने तोडायचे. इथपर्यंत ठीक आहे हो, असे लोक गावोगाव असतात. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात की ते विचारायचे, "काल कोणाकडून बोलला? आज दुसऱ्याकडून बोल." आणि खरंच बोलायला लावायचे. भाजीवाल्या बाईने एक दिवस वांगी महाग का, हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी वांगी स्वस्त का असावीत, हे तिने इतकं पटवून सांगितलं की तिचं तिलाच पटलं आणि वहिनींच्या टोपलीत चार वांगी जास्त टाकून गेली. मी एकदा वैतागून विचारलं, "भाऊ, तुमचं स्वतःचं मत तरी काय?" तर म्हणाले, "पडदा टांगला का नट त्याले एकीकडून पाह्यते, पब्लिक दुसरीकडून पाह्यते. कापड तं एकच आहे ना बाई. मी कापडवाला माणूस."

दुसरा नाद चेहऱ्यांचा. त्यांच्या पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला खराखुरा चेहरा असायचा, वडशातल्या नाहीतर आसपासच्या गावातल्या कुणाचा तरी. दरबारातला प्रधान म्हणजे धानाचा व्यापारी, चोपदार म्हणजे न्हावी, जंगलातला ऋषी म्हणजे स्टेशनातला हमाल. लोक बैलगाड्या करून स्वतःला बघायला यायचे. पण नियम एकच, चेहरा जिवंत माणसाचाच. माणूस गेला की भाऊ तो पडदा ज्या मंडळीकडे असेल तिथे सायकल मारत जायचे आणि त्याच्यावर फेटा नाहीतर झाडाची फांदी रंगवून यायचे. "मेलेला माणूस पडद्यावर ठेवला का नाटक पडते," असं त्यांचं म्हणणं. ही कसली अक्कल म्हणून मी वाद घातला, हरले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूने बोलून जिंकले, आणि पुन्हा बोलले नाही.

पण गावाने हा नियम असा काही धरून ठेवला होता की बस. चोपदार झालेला न्हावी एकदा तापाने फणफणला. डॉक्टरने हात टेकले, घरच्यांनी तोंडात पाणी घातलं. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि विचारलं, "पेंटर आला होता का पडद्यावर?" पोरगा म्हणाला, नाही आला. "मी अजून दरबारात आहे?" आहे. "मंग रडता काऊन, पेज द्या मले." आणि उठला की हो. पुढे कितीतरी वर्षं लोकांच्या दाढ्या करत होता. तेव्हापासून वडशात कुणी खूप दिवस दिसला नाही की लोक म्हणायचे, पडद्यावर आहे ना अजून, मग काही झालं नाही त्याला.

आणि अशा या माणसाच्या आयुष्यात आखाताची लढाई आली.

त्या हिवाळ्यात भाऊंना जे काही झालं ते कसं सांगू. ट्रान्झिस्टर त्यांनी कडुनिंबाला टांगला. सकाळच्या बातम्या, दुपारच्या, संध्याकाळच्या. अंगणात गर्दी. पोट्ट्यांनी तर लढाईचा पट करून टाकला. एक जोडी इराकची, एक अमेरिकेची, आज कोण पुढे, उद्या कोण पुढे, पैजाच लागायच्या. भाऊ ते ऐकायचे आणि त्यांच्या कपाळाची शीर उडायची. जो येईल त्याला विचारायचे, "लढाई कुठी आहे?"

"तिकडं, आखातात."

"चाल माह्यासंगं."

आणि कोपराला धरून त्याला रेशनच्या दुकानासमोर नेऊन उभं करायचे. घासलेटची रांग. माणसं उभी राहून थकली म्हणून रांगेत डबे ठेवलेले, डबा नसेल त्याने वीट ठेवलेली, एकाने तर चप्पल. भाऊ म्हणायचे, "हे काय आहे मंग? लढाई वडशात येऊन डबा घेऊन उभी राह्यली, अन् तू तिकडं पाहून राह्यला." नाटक मंडळीचा मॅनेजर जनरेटरच्या डिझेलसाठी रडत आला, तर त्यालाही सोडलं नाही. "यंदा तुमची हिरोइन उजेडात मरन का अंधारात, हे तिकडं वाळवंटात ठरून राह्यलं गा. अन् तुम्ही विचारता, आपल्याले काय त्याचं?"

मॅनेजर खरं म्हणजे नवा पडदा सांगायला आला होता. रस्त्याचा. जुना फाटला होता. महिनाभरात नागभीडकडच्या एका गावी मोठा पट होता, तिथे नवं नाटक, नवा रस्ता. भाऊ म्हणाले, करतो. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं, हा रस्ता साधा नसणार.

आता खालाबीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पडद्यासाठी मांजरपाटाचे पट्टे एकमेकांना जोडावे लागतात, शिवण दिसता कामा नये. ते काम आमच्या गल्लीतली खालाबी करायची. नवरा टेलर होता, तो गेल्यावर मशीन तिने घेतली. जीभ तिची सुईपेक्षा तीक्ष्ण आणि भाऊंशी वाद घालण्यात तिच्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतं. तिचा एकुलता एक पोरगा रफिक. ऊर्जानगरला ठेकेदाराकडे वेल्डिंग शिकला, माझ्या वडिलांच्याच प्लांटवर, आणि तिथून कुवेतला गेला. ऑगस्टात तिथे इराकच्या फौजा घुसल्या. पावसाळा सरता सरता आपली माणसं विमानांनी परत आली, त्यात चंद्रपूरचा एक जण होता. त्याने येऊन सांगितलं, रफिक आमच्यासोबत बसमध्ये नव्हता, वर्कशॉपकडे गेला होता सामान आणायला. त्यानंतर काही नाही. जिवंत आहे म्हणणारा कुणी नाही, गेला म्हणणाराही कुणी नाही. आणि जानेवारीत बॉम्ब पडायला लागले.

खालाबी अंगणात बातम्या ऐकायला यायची नाही. रेडिओ लागला की मशीन जोरात चालवायची. भिंतीपलीकडून खडखड ऐकू यायची, आणि भाऊ न बोलता रेडिओचा आवाज कमी करायचे.

पडदा अंथरला. रेघा मारायला दोरी मीच धरली. पहिल्यांदा वडशाचा बाजार आला, रेल्वेचं फाटक आलं, आणि पुढे रेशनचं दुकान. दुकानासमोर रांग, आणि रांगेत सगळी गल्ली. वहिनी होत्या, न्हावी होता, भाजीवाली होती, मीही होते, आणि माझ्या साडीवर निळीचे शिंतोडे होते. बघा किती लक्षात ठेवलं माणसाने. खालाबी डबा घेऊन पुढे उभी, भांडणाच्या पवित्र्यात. मग रस्ता फाटक ओलांडून धानाच्या बांध्यांमधून निघाला. एरवी भाऊंचा रस्ता वळायचा, झाडाआड जायचा. हा वळेचना. सरळ जात राहिला, बांध्या संपल्या, माती पिवळी झाली, मग वाळू झाली, आणि अगदी शेवटी आभाळाच्या कडेला विहिरी जळत होत्या, तेलाच्या. काळा धूर तिथून निघून रस्त्यावरून मागे मागे येत होता, आणि त्याचं टोक वडशाच्या रेशन दुकानाच्या छपरावर टेकलं होतं.

मी कापडाच्या कडेला उभी होते. शाळेत मी लढाईची कारणं आणि परिणाम असे फळ्यावर लिहून देत होते. इथे एकाच कापडावर माझा डबा आणि ती आग, मध्ये कुठेही रस्ता तुटलेला नाही. मी वहिनींना ओढत आणलं, गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या. मला राहवतच नव्हतं.

मॅनेजर आला, बघून खालीच बसला. "भाऊ, या रस्त्यावर माही हिरोइन पिरमाचं गाणं म्हणते. मागं आग लागलेली काऊन?"

"मंग गाणं आणखी जोरात म्हणन."

दुसऱ्या पडद्याला वेळ नव्हता. मॅनेजर कपाळाला हात लावून निघून गेला.

कडेच्या दोन पट्ट्यांची शिवण राहिली होती, ती घालायला खालाबी आली. सुईत दोरा ओवता ओवता तिने रांग पाहिली. एकेक चेहरा पाहिला. स्वतःला पाहिलं, "मले एवढी जाडी काऊन काढलं," म्हणाली. मग तिची नजर रस्त्यावरून पुढे पुढे गेली ती आगीपर्यंत.  आणि एकदम वळून म्हणाली, "पेंटर, इथी माहा रफिक काढ."

अंगणात आम्ही पाच-सहा जण होतो.  भाऊंचा नियम सगळ्यांना माहीत होता. रफिकला काढायचं म्हणजे तो आहे, असं सांगायचं. नाही काढायचं म्हणजे नाही, असं सांगायचं. आणि काढला, मग उद्या बातमी आली, तर भाऊ सायकल मारत जाणार आणि त्याच्यावर फांदी रंगवणार.

भाऊ म्हणाले, "मले ठाव नाई ना, खालाबी. ज्याचं ठाव नाई त्याचं तोंड मी कसं काढू?"

"तुले ठाव नाई, मले आहे. मी माय आहे. आहे तो."

"तू माय आहेस म्हणूनच तुही गवाही चालत नाई."

बापरे. मला वाटलं ती सुई टोचते आता. पण ती बसली आणि बोलायला लागली. काय बोलली. म्हणाली, तू धानवाल्याला प्रधान केलंस, तो दरबारात कधी गेला होता? म्हणाली, त्या रस्त्यावर आग काढलीस, ती पाहायला तू गेला होतास? ऐकूनच काढलीस ना? मग आगीचं ऐकतोस आणि मायचं ऐकत नाहीस. भाऊ एकेक मुद्दा तोडत होते, पण दर वेळी आवाज खाली जात होता. शेवटी ते म्हणाले, "उद्या ये." आणि मग ते म्हणाले जे मी त्यांना कधीच म्हणू दिलं नसतं. "पण उद्या बाजू बदलन. उद्या तू सांगजो, काऊन काढू नये."

मी उसळले. "भाऊ, लाज वाटते का? तिच्या पोराचा विषय आहे, वांग्यांचा नाही." वहिनीही आतून ओरडल्या. पण खालाबीने हात वर करून आम्हाला गप्प केलं. "येईन," म्हणाली. "याच्या बापाले भेते का मी?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या सुट्टीतच पळत आले. गल्ली सगळी अंगणात होती. पडद्याच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला खालाबी, मध्ये तो रस्ता. आधी भाऊंना बोलायचं होतं, काढावा म्हणून. त्यांनी तोंड उघडलं. एरवी तासभर न थांबणारा माणूस. म्हणाले, "काढावा, कारण का..." आणि पुढे काही आलंच नाही. दोनदा सुरुवात केली. तिसऱ्यांदा त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं, तर गालावर रंग लागला, पण हसायला कुणाला सुचलं नाही.

मग खालाबी बोलली, काढू नये म्हणून. हळू बोलली, तिच्या स्वभावाला न शोभेल इतकी हळू. "काढू नको, पेंटर. तू काढलंस तं मी रोज येऊन त्याले पाह्यीन. त्याचं तोंड भेटलं का माह्या जिवाले बरं वाटन. अन् जिवाले बरं वाटलं तं मी वाट पाह्यणं सोडीन. पोरगा तिकडून निघाला असन, अन् इकडं वाट पाह्यणारं कोणी नाई. नको काढू." एवढं बोलून ती उठली आणि घरी गेली. थोड्या वेळाने मशीनची खडखड सुरू झाली.

मी ढसाढसा रडले. त्यात काय लपवायचं.

पुढचा पूर्ण दिवस भाऊंनी चहासुद्धा कुणाला विचारला नाही. संध्याकाळी त्यांनी बांबू उचलला. रस्त्याच्या मधोमध, बांध्या संपतात आणि वाळू लागते तिथे, त्यांनी एक माणूस काढला. पाठमोरा. खांदे थोडे पुढे झुकलेले, उजव्या हातात पिशवी, शर्ट कमरेशी अर्धवट खोचलेला. चालत नव्हता, उभा होता, आगीकडे बघत. तोंड नाही, नुसती पाठ.

खालाबीला मीच बोलावून आणलं. तिने पाहिलं. मानेमागे वेल्डिंगची ठिणगी पडल्याचा एक डाग होता, तोही भाऊंनी काढला होता. ती म्हणाली, "याले माघारी काऊन फिरवला नाई?"

"तोंडाचं मले ठाव नाई. पाठ मी पाह्यली होती, स्टेशनात, जाते वेळी."

ती पडद्याच्या कडेला गेली. वाकली आणि राहिलेली शिवण घालून टाकली.

पटाच्या दिवशी आम्ही सगळे टेम्पोतून गेलो. कोसाकोसावरून माणसं आलेली, धूळ, बैलांच्या घुंगरांचा आवाज, भजी, फुगे. नाटक रात्री होतं, पण पडद्याच्या घड्या मोडाव्यात म्हणून मॅनेजरने तो दुपारीच मांडवात टांगला. भाऊ मांडवाच्या खांबाआड उभे. मी त्यांच्याजवळ. 

आधी पोट्टे आले आणि आग बघून ओरडले. मग बाप्ये आले, त्यांनी घासलेटची रांग ओळखली. "आरे, हे तं मातीतेल," म्हणून हसले, मग रस्त्यावरून बोट नेत नेत आगीपर्यंत गेले आणि हसायचे थांबले. तिथेच वाद पेटला. लढाई कुणाची, तेल कुणाचं, आपण रांगेत का. भाऊंना हवं होतं ते सगळं त्यांनी तोंड न उघडता होत होतं. एक जण तर बैलांची जोडी सोडून वाद घालायला आला, आणि त्याचा नंबर गेला.

पण बायका आल्या आणि बायकांनी आग पाहिलीच नाही. एक जण सरळ पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, "हा आमचा बाबूराव." तिचा पोरगा फौजेत होता, वर बर्फात कुठेतरी. दुसरी म्हणाली, कसला बाबूराव, हा माहा धाकटा, चंद्रपूरले खाणीत गेला तो दोन सालं झाले, आला नाई. तिसरी गडचिरोलीकडची होती.  ती नुसती त्या पाठीकडे बघत राहिली. सोबतच्या बाईने माझ्या कानात सांगितलं, हिचा पोरगा जंगलात गेला, नक्षल्यांच्या दलमवाल्यांसोबत. घरी त्याचं नाव काढत नाहीत.

मी भाऊंकडे वळून बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "मी तं एकच काढला होता."

खालाबी एका बाजूला उभी होती. प्रत्येक बाईकडे ती रागाने बघत होती. तिचा पोरगा सगळ्याजणी ओढून नेत होत्या.

आणि ऐका, रफिक आला. लढाई संपून उन्हाळा लागला होता, आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या, आणि एका दुपारी तो स्टेशनावरून पायी चालत आला. नुसती हाडं राहिली होती. मालकाच्या गोदामात लपला होता, मग वाळवंटातून कुठल्या कुठल्या देशातून फिरून आला, ते सगळं तो फार सांगायचा नाही. वडशात त्या दिवशी दिवाळी झाली. खालाबी त्याला भाकर खाऊ देईना, नुसती चाचपत होती. आणि दोन दिवसांनी त्याला हाताला धरून भाऊंच्या अंगणात घेऊन आली. पडदा हंगाम संपल्यामुळे दुरुस्तीला आला होता.

"आता ठाव झालं ना? फिरव याले. तोंड काढ."

भाऊंनी रफिकला पोटाशी धरलं. मग म्हणाले, "नाई, खालाबी."

"काऊन नाई? आहे ना जिवंत? तुहाच कायदा आहे."

"तिथी आता तुहा एकटीचा पोरगा नाई. तू पाह्यलं ना पटात? एकाले फिरवला तं बाकीच्यांनी काय करावं?"

"त्यांचं मी काऊन पाहू? मी वाट पाह्यली. माही शिवण आहे त्या कापडाले."

भाऊंनी पडदा बदलला नाही. खालाबीने त्यांचं काम सोडलं. वर्षभर आमच्या अंगणात तिचं पाऊल नाही. वहिनी पट्टे जोडायच्या, ती शिवण बैलगाडीतून दिसायची. भाऊ भिंतीकडे तोंड करून चहा प्यायचे, भांडायला कुणी नाही म्हणून. मी रोज खालाबीच्या बाजूने त्यांच्याशी भांडायची, ते ऐकून घ्यायचे.

पुढच्या हंगामात वाऱ्याने तो पडदा फाटला. नेमका माणसाच्या खांद्याजवळ. मंडळी ब्रह्मपुरीकडे होती, मॅनेजरने खालाबीलाच निरोप धाडला, कारण वहिनींच्या हातात तो द्यायची त्याची छाती नव्हती. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण सकाळी पिशवीत सुई-दोरा घेऊन ती माझ्या दारात उभी. "चाल वो बाई संगं. मले एकटीले बस लागते."

मांडवात पडदा टांगलेलाच होता. ती स्टुलावर चढली आणि खांदा सांधायला लागली, दोरा दातात धरून. दुपारची वेळ, मांडव रिकामा. तेवढ्यात एक म्हातारी आत आली, काठी टेकत. कुठून आली होती देव जाणे, पाय धुळीने भरलेले. तिने पडद्याखाली उभं राहून हात वर केला. हात पाठीपर्यंत पोचत नव्हता, कमरेशी खोचलेल्या शर्टापर्यंत पोचला. तिथे तिने बोटं फिरवली.

"लोकं सांगत होते, म्हून आली," ती खालाबीला म्हणाली. "मले नीट दिसत नाई वो. तू जवळ आहेस, तू सांग. हा माहा आहे का?"

 खालाबीच्या दातात दोरा. तिने तो काढला. त्या पाठीकडे पाहिलं, मानेवरच्या डागाकडे पाहिलं. तिच्या हाताने रोज तेल लावलेली मान ती.

"उंच होता का तुहा?" तिने विचारलं.

"होता."

"खांदे असे, वाकलेले?"

"ओझं उचलून उचलून. हो."

"मंग तुहाच आहे बाई," खालाबी म्हणाली. "सुखरूप आहे पाह्य. उभा आहे." आणि ती स्टुलावरून उतरली, म्हातारीला त्याच स्टुलावर बसवलं आणि पाण्याचा गडवा तिच्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये मला दम निघेना. म्हटलं, "खालाबी, तो तर रफिक आहे ना?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "माहा घरी आला. त्याची जागा खाली झाली तिथी."

घरी आल्या आल्या मी भाऊंना सगळं सांगितलं, धापा टाकत, एका दमात. ते नवीन कापड अंथरून बसले होते. मी वाट बघत राहिले, आता म्हणतील, बाई, उद्या दुसऱ्या बाजूनं बोला. ते कापडाच्या सुरकुत्या काढत राहिले. भिंतीपलीकडे मशीन सुरू होती. थोड्या वेळाने ती थांबली आणि खालाबी, वर्षभरानंतर, काखेत मांजरपाटाचे पट्टे घेऊन अंगणात आली आणि वहिनींनी घातलेली शिवण उसवायला बसली. भाऊंनी दोरी निळीत बुडवली आणि एक टोक माझ्याकडे फेकलं.

"धरा बाई," ते म्हणाले. "घट्ट धरा."